कुंचीच्या टाळूवरचा तुकडा

ही गोष्ट सांगायचं मी सात वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की मी चष्मा शोधायला उठायचो. चष्मा बहुतेक वेळा नाकावरच असायचा, पण कुणी हटकलं नाही. माझ्या वयाच्या माणसाने चष्मा शोधत फिरावं हे सगळ्यांना रास्तच वाटतं.

आमच्या घरात एक समजूत पक्की बसली आहे. माझी वहिनी शेवटची काही वर्षं विसरायला लागली होती, आणि त्याची सुरुवात माझ्या नातवाच्या बारशापासून झाली, अशी ती समजूत. लग्नकार्यात चार नातेवाईक जमले की कुणीतरी हे म्हणतंच, फार प्रेमाने म्हणतं, आणि बाकीचे माना हलवतात. मीही हलवली आहे. ती समजूत खोटी आहे. वहिनी त्या दिवशी काहीही विसरली नव्हती. जे झालं ते मी केलं होतं, माझ्या कात्रीने, दुपारी, घरातले सगळे आडवे झालेले असताना.

मी मूळचा हिर्डोशीचा. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि त्याच वर्षी थोरल्या भावाचं लग्न झालं. वहिनी सतरा वर्षांची असेल. लोक वहिनीला ‘तुम्ही’ म्हणतात. मी तिला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणालो, कारण घरात आईला तसंच म्हणायची सवय होती आणि नवी बाई आली ती मला आईच्या जागी आलेली दिसली. ती मला ‘लेका’ म्हणायची. माझं लग्न झालं त्या दिवशी तिने एकदम ‘भावजी, तुमी’ सुरू केलं. मी म्हटलं, “हे काय नवीन काढलंस?”

“नवी बायकू ऐकतीय,” ती हळूच म्हणाली. “तिच्या म्होरं लेका म्हणलं तर ती तुला काय मोजंल?”

त्यानंतर कधी तिने मला एकेरी हाक मारली नाही.

सुई माझ्या हातात तिनेच दिली. आमच्याकडे भाताची पोती शिवायची असत. दाभणाने पोतं शिवता शिवता मला त्याची गोडी लागली, मग तिने बारीक सुई दिली आणि जुन्या लुगड्याच्या कडेवर धावदोरा घालायला शिकवला. “दोऱ्याला थुकी लावू नगं, टोक तिरकं काप. आन् टाकं मोजू नगं, बोटाला इचार.” भातलावणीत मी कधीच कामाचा नव्हतो. रोपांची रांग वाकडी जायची आणि दादा वैतागायचा. वहिनीनेच त्याला सांगितलं, “ह्याची रांग कापडावर सरळ येतीया. भोरला धाडा त्याला.” त्या एका वाक्यावर माझा जन्म गेला. भोरच्या एका टेलरकडे काजं-बटणं करत शिकलो, पुढे बाजारपेठेत स्वतःचं दुकान घातलं. शाळेचे गणवेश, ब्लाउज, पुढाऱ्यांचे सदरे, सगळं शिवलं. चाळीस वर्षं मशीन चालवलं.

वहिनी मात्र हातानेच शिवायची, आणि शिवायची ती मुख्यतः एकच गोष्ट: कुंची. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर बसणारी आणि मागे पाठीवर उतरणारी. आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाला बारशाच्या दिवशी वहिनीच्या हातची कुंची मिळाली. माझ्या दोन्ही मुलांना मिळाली, मधल्या भावाच्या पोरांना, म्हणजे माझ्या पुतण्यांना मिळाली. बाहेर थंडी असो, नसो, बारशाला कुंची वहिनीचीच. तिला स्वतःला एक मुलगी झाली होती. चार महिन्यांची होऊन गेली. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे आणि पुढे तिला मूल झालं नाही.

तयार कपड्यांचा जमाना आला, त्यात माझे गुडघे गेले, म्हणून मी दुकान बंद केलं. मशीन घरी आणून खिडकीशी लावलं. पहिले काही महिने मी त्याच्यावर नुसता वर्तमानपत्र ठेवून वाचायचो. मग लेकीची मुलगी मे महिन्याच्या सुट्टीला आली. लेक गुंजवण्याला दिली आहे, राजगडच्या पायथ्याला. नातीने शाळेच्या हस्तकलेसाठी फेल्टचे, म्हणजे लोकर दाबून केल्यासारख्या कापडाचे, वहीच्या पानाएवढे रंगीत तुकडे आणले होते. मी एक हातात घेतला आणि नाक मुरडलं. ना उभा दोरा, ना आडवा. ज्याची कड उसवत नाही ते कसलं कापड? जन्मभर मी कडांशीच झगडलो होतो. कड दुमडा, कड शिवा, कडेला टीप मारा. इथे कापलं की संपलं. दुसऱ्या दिवशी मी त्याचं आंब्याचं पान कापलं, तिसऱ्या दिवशी एकवीस पानांचं तोरण झालं, आणि मग मला कुणी थांबवू शकलं नाही.

दिवाळीला तोरणं, संक्रांतीला काळ्या फेल्टचे पतंग आणि त्यावर हलव्यासारखे पांढरे मणी, गणपतीपुढे ठेवायला लाडू धरलेला उंदीर. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, बैल. आता आमच्या घरातल्या निम्म्या पोरांच्या दारात बैल नाही. ती फ्लॅटमध्ये राहतात. त्यांच्यासाठी मी वितीएवढे फेल्टचे बैल करायला लागलो. तपकिरी अंग, लाल झूल, झुलीला जुन्या साडीची जर, पोटात भरायला दुकानातलं कातरण. चाळीस वर्षांचं कातरण मी पोत्यात भरून आणलं होतं. ही रोज म्हणायची, “तेवढं पोतं एकदाचं टाका हो.” बैलांनी ते पोतं सार्थकी लावलं.

पहिला बैल मी वहिनीला दाखवायला नेला होता. ती फेल्ट बोटांत चोळून बघत राहिली. म्हणाली, “ही तर घोंगडीची लेक दिसतीया. पण शाळंत गेलेली. टोचत न्हाई.” मग बैल उलटा करून त्याच्या पोटाखालची शिवण बघितली. “भावजी, बैल केला का गाय? कळंना.” वहिनी जिच्याजवळ राहायची ती पुतणसून पदर तोंडाला लावून हसली. मी पुढच्या बैलापासून ती उणीव भरून काढली.

सांगायचं हे, की ते दिवस फार चांगले होते. आजही चांगलेच आहेत. सकाळी उन्हं खिडकीतून मशीनवर येतात, ही चहा आणून ठेवते, आणि मला कुणाचं माप घ्यायचं नसतं की कुणाला तारीख द्यायची नसते. म्हणूनच ही एक गोष्ट शर्टात राहिलेल्या टाचणीसारखी टोचते.

मुलाला मुलगा झाला. आषाढ लागला होता, बेंदूर पंधरवड्यावर आला होता. बाराव्या दिवशी बारसं ठरलं आणि चार दिवस आधी पुतण्या भोरला आला तो वहिनीने दिलेली पिशवी घेऊन आला. आत कुंची. पिवळं रेशमी कापड, आतून मऊ जुन्या लुगड्याचं अस्तर. मी ती उजेडाला धरली आणि मला वाईट वाटलं. वहिनी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. टाके असे गेले होते की मुंग्यांची रांग फुंकर मारून विस्कटावी. एक टाका मोठा, पुढचे तीन बारीक, मग रांगच सोडून खाली उतरलेला. कपाळाजवळची चूण एका बाजूला गोळा झाली होती.

दुसऱ्या कुठल्या घरात हे चाललं असतं. पण सुनेच्या माहेरची माणसं पुण्याहून येणार होती. व्याहीणबाईंना शिवणातलं कळतं, लग्नातच त्यांनी माझ्या सदऱ्याची कॉलर वाखाणली होती. टेलरच्या घरची कुंची आणि टाके असे? मला लाज वाटली. वहिनीची वाटली असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तिला कुणी हसू नये म्हणून करतोय, असं. खरं म्हणजे मला माझी लाज वाटली होती.

दुपारी मी ती उसवली. सगळी. टोकदार कात्रीने एकेक टाका उचलून. कापड आणि अस्तर वेगळं झालं तेव्हा मधोमध, बाळाची टाळू येते त्या जागी, एक हिरवा तुकडा निघाला. बोटाच्या पेराएवढा, जुना, विटलेला, कडेला पिवळट डाग पडलेला. अस्तराला चार टाक्यांनी अडकवलेला. मला वाटलं, नजर अधू झालेली, शिवताना कुठली तरी चिंधी मध्ये सापडली आणि तिच्या लक्षात आलं नाही. मी हसलोसुद्धा. चार टाके कापले आणि तो तुकडा कातरणाच्या पोत्यात टाकला.

मग मी कुंची पुन्हा शिवली. मशीनवर नाही. मशीनची टीप ओळखू आली असती. हाताने शिवली, बारीक, एकसारख्या टाक्यांनी, वहिनीचा हात चाळिशीत जसा होता तसा. तो हात मला पाठ होता, कारण तो माझाच झाला होता. संध्याकाळपर्यंत कुंची घडी घालून पुन्हा त्याच पिशवीत गेली. कुणालाही कळलं नाही. पुढचे दोन दिवस मी राहिलेले बैल भरले, कातरण मुठीमुठीने दाबून. बारशाला येणाऱ्या प्रत्येक पोराला एक द्यायचा म्हणून नऊ बैल केले.

बारशाच्या दिवशी वहिनी सकाळच्या एसटीने आली. बायका मधल्या खोलीत पाळण्याभोवती बसल्या होत्या, बाहेर पुरुषांची पंगत होती आणि मी मठ्ठा वाढत होतो. बारशात आमचं काम तेवढंच. भांडं भरून घ्यायला आत गेलो तेव्हा व्याहीणबाई कुंची हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या.

“मावशी, तुमचं वय बघा आणि हा हात बघा,” त्या म्हणाल्या. “मला सुईत दोरा ओवता येत नाही आता. एक टाका इकडचा तिकडे नाही.”

मी दारात थांबलो. छाती फुगली होती माझी. कौतुक तिचं चाललं होतं आणि चव मी घेत होतो.

वहिनीने कुंची मांडीवर घेतली. टाक्यांवरून अंगठा फिरवत नेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. “माझा हात लई सुधारला म्हणायचा,” ती म्हणाली. बायका हसल्या. मग तिने आत दोन बोटं घालून टाळूची जागा चाचपली. पुन्हा चाचपली. कुंची उलटी केली.

“हितं व्हता,” ती म्हणाली.

“काय होतं, थोरल्या आई?” पुतणसुनेने विचारलं.

“तुकडा. म्या लावला व्हता. हितंच.”

“घरी राहिला असंल. डबीत असंल बघा.”

“डबी रिकामी हाय. शेवटचा व्हता.”

“मग पडला असंल कुठं. व्हतं असं वयात,” पुतणसून म्हणाली. ती वाईट मनाने बोलली नाही. दुसरीने तिला दुजोरा दिला, “माझ्या सासूबाईंचंही असंच झालं होतं. लावलं लावलं म्हणायच्या आणि लावलेलं नसायचं.”

वहिनीने कुंची पुन्हा सुलटी केली. तिने मान वर केली तेव्हा मी दारातच होतो. तिची नजर माझ्यावरून गेली की माझ्यावर थांबली, हे मला आजही ठरवता येत नाही. “इसरले आसंन,” ती म्हणाली. “घाला कुंची. पोर कवाधरनं ताटकळलंय.”

मी मठ्ठा घेऊन पंगतीत गेलो.

जेवणं झाल्यावर मी पोरांना बैल वाटले. सगळे खूश झाले. वहिनीसुद्धा माझ्या नातीचा बैल हातात घेऊन म्हणाली, “ह्यो बैल हाय. आता कळतंय.”

पाहुणे गेल्यावर मी हिला सहज विचारल्यासारखं विचारलं, “वहिनी कसल्या तुकड्याचं म्हणत होती?”

ती भांडी पुसत होती. थांबली. “तुम्हाला ठाऊक नाही?”

“नाही.”

“कमाल झाली. चाळीस वर्षं लोकांच्या अंगाचे कपडे शिवले आणि घरच्या पोरांच्या डोक्यावर काय आहे ते माहीत नाही.” मग तिने सांगितलं. वहिनीच्या मुलीची कुंची हिरव्या खणाची होती, वहिनीच्याच लग्नातल्या चोळीच्या खणाची. मुलगी गेल्यावर वहिनीने ती कुंची जपून ठेवली. पुढच्या वर्षी घरात मधल्या जावेचं पहिलं बाळ आलं तेव्हा तिने तिचा एक तुकडा कापला आणि त्या बाळाच्या कुंचीत टाळूवर लावला. म्हणाली, थोरली बहीण डोक्यावर हात ठेवील. तेव्हापासून प्रत्येक बाळाच्या कुंचीत एक तुकडा. बारशाला कुंची घालायच्या आधी वहिनी बोटांनी तो चाचपून बघायची आणि मगच कुंची बाळाच्या डोक्यावर चढायची. घरातल्या साऱ्या बायकांना हे ठाऊक होतं. पुरुषाला सांगायचं असं कुणाला सुचलं नव्हतं, कारण त्या वेळी पुरुष पंगतीत असतो.

“आपल्या दोन्ही पोरांच्या कुंचीत होता,” ही म्हणाली. “बिचाऱ्या वहिनी. शेवटचा तुकडा, आणि लावायचा विसरल्या.”

तेव्हा बोलायला हवं होतं. समोर माझीच बायको होती, हातात फडकं घेऊन. मी म्हटलं, “हं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पोतं उलटं केलं. तळाशी दोन मुठी खाकी आणि चौकड्याच्या चिंध्या राहिल्या होत्या. हिरवं त्यात काहीच नव्हतं. म्हणजे तो तुकडा कुठल्या तरी बैलाच्या पोटात होता आणि बैल मी माझ्याच हाताने वाटले होते. चार भोरमध्ये, दोन पुण्याला, दोन हिर्डोशीला, एक गुंजवण्याला.

भोरमधले चार मी दोन दिवसांत परत मिळवले. “शिंगांचा दोरा कच्चा राहिलाय, पक्का करून देतो,” असं घरोघरी सांगितलं. एक आजी म्हणाल्या, “टेलर, शर्टाची बाही निघाली तर महिना लावायचात. बैलाच्या शिंगासाठी घरी आलात?” मी ते हसण्यावारी नेलं. चारही बैल उसवले, चिंधी चिंधी वेगळी केली, पुन्हा भरले. काही नाही. मग कापूरहोळला बदलून, नसरापूरवरून वेल्ह्याची गाडी धरली आणि गुंजवण्याला गेलो. लेक आणि जावई लावणीला गेले होते. निम्मं शिवार धरणात गेलं, राहिलेल्यात लावणी चालली होती. नात पोट दुखतंय म्हणून शाळेला गेली नव्हती. बैल तिने खिडकीत ठेवला होता, पाण्याकडे तोंड करून.

मी ओट्यावर बसून बैलाचं पोट उसवायला घेतलं. ती शेजारी येऊन बसली.

“ऑपरेशन आहे का?”

“हो.”

“काय झालंय त्याला?”

“नको ते खाल्लंय.”

“माझ्यासारखंच,” ती म्हणाली. थोड्या वेळाने, “भूल दिली का, आजोबा?”

“दिली.”

“मग डोळे का उघडे आहेत?”

“फेल्टचे डोळे मिटत नाहीत.”

झुलीच्या बाजूला, मानेकडच्या भागात, गणवेशाच्या खाकी चिंधीत गुरफटलेला तो निघाला. हिरवा, पेराएवढा. माझे चार कापलेले टाके अजून त्यात होते. म्हणजे तिचे टाके, मी कापलेले. मला काही दिसेना म्हणून मी चष्मा काढून पुसला.

“चिंधीच तर आहे,” नात म्हणाली.

“नाही,” मी म्हटलं. “ही तुझ्या आईच्या थोरल्या बहिणीची आहे.”

“आईला थोरली बहीण नाहीये.”

“चुलत. तुझी आई जन्मायच्या खूप आधी होती.” तिने ते मान्य केलं आणि बैल नीट शिवून द्या म्हणाली.

त्याच आठवड्यात सून बाळाला आंघोळ घालत असताना मी कुंची काढली, टाळूच्या जागी अस्तर दोन बोटं उसवलं आणि तुकडा चार टाक्यांनी जागेवर लावला. नातवाने सगळा पावसाळा ती घातली. एकदा सून म्हणाली, “बाबा, इथे आत काहीतरी हाताला लागतंय.” मी म्हटलं, “असू दे, चांगलं असतं.” तीन वर्षांनी धाकटी नात झाली, तिनेही तीच कुंची घातली. म्हणजे कापडापुरतं पाहिलं तर मी चूक दुरुस्त केली. पण मी कापडच दुरुस्त केलं.

कारण हिर्डोशीत मध्यंतरी बरंच घडलं. विसरली, हा शब्द एकदा चिकटला तो निघाला नाही. पुतण्या आणि पुतणसून तिचं सगळं प्रेमाने करत. पण भाताचं बियाणं निवडायचं काम पन्नास वर्षं वहिनीचं होतं. कुठल्या कणगीत कुठलं भात, किती जुनं, कुठल्या खाचरात लावायचं, हे ती डोळे झाकून सांगायची. बारशानंतर पुतण्या ते स्वतः बघायला लागला. “थोरल्या आई, तू आता आराम कर.” चुलीवर दूध असलं की कुणीतरी तिच्यामागे जाऊन बघून यायचं. तिने अर्धं वाक्य बोललं की बाकीचं दुसरं कुणी पुरं करायचं. सगळ्यांत वाईट म्हणजे तिने स्वतः ते धरलं. धाकट्या नातीच्या वेळी सुनेने फोनवर कुंची मागितली तेव्हा ती म्हणाली, “न्हाई गं बाय. लावाय बी काय उरलं न्हाई, आन् माझं ध्यान बी ऱ्हात न्हाई आता.” फोन स्पीकरवर होता. मी समोर बसून दिवाळीच्या तोरणाची पानं कापत होतो. पाच हात अंतरावर कपाटात ती कुंची होती, तुकड्यासकट. तुकडा सापडलाय एवढं तरी म्हणता आलं असतं. पण कुठे सापडला, असं तिने विचारलं असतं, आणि बैलाच्या पोटातून सुरुवात केली की मला मागे मागे जात कात्रीपर्यंत यावं लागलं असतं.

कधी कधी वाटतं, तिला त्याच दिवशी कळलं होतं. ज्या बोटांनी मला टाके शिकवले त्यांना दुसऱ्याचा टाका कळणार नाही? ‘माझा हात लई सुधारला’ हे बोलणं साधं नव्हतं. तिला कळलं, आणि सगळ्यांसमोर दिराची शोभा नको म्हणून तिने ‘इसरले’ म्हणून सगळं स्वतःवर घेतलं. असं असेल तर मला जास्तच बोलायला हवं होतं. असं नसेल तर कितीतरी जास्त. दोन्हीकडून हिशेब तिथेच येतो, म्हणून मी आता त्यात शिरत नाही.

गेल्या पौषात मी ठरवून हिर्डोशीला गेलो. एकटाच. कुंची पिशवीत घेतली, वर तिच्यासाठी फेल्टची कानटोपी ठेवली, कानाला थंडी लागते म्हणून. घाटाकडे जाणारी एसटी जवळजवळ रिकामी होती. माझ्या शेजारी कुणी नव्हतं, म्हणून मला हलक्या आवाजात वाक्य म्हणून बघता आलं. पाच-सहा वेळा म्हटलं. फाट्यापासून चालत गेलो तेव्हाही म्हटलं.

वहिनी ओट्यावर उन्हात बसली होती, सुपात नाचणी घेऊन. टोपी घातली, कानांवर ओढली. “आता कोण काय म्हणलं ते ऐकाय नगं,” ती म्हणाली. पुतण्या शेतावर, पुतणसून पाण्याला. घरात आम्ही दोघंच होतो. चहा झाला. भाताचं झालं, हिच्या गुडघ्याचं झालं, माझ्या गुडघ्याचं झालं. पिशवी माझ्या मांडीवर होती आणि माझा हात आत होता, कुंचीवर.

ती नाचणी पाखडायची थांबली. “भावजी, तुमी कायतरी सांगाय आलाय.”

“हो.”

“मग सांगा की.”

तिने सूप खाली ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसली, ऐकायला. इतकी सोपी वेळ मला जन्मात कुणी दिली नसेल.

“सून म्हणत होती,” मी म्हटलं, “तुझ्या हातचं लोणचं संपलंय.”

ती मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत जाऊन बरणी भरून आणली. वरून फडकं बांधलं. “एवढ्यासाठी एसटीनं आला व्हय,” ती म्हणाली, आणि दुसरी छोटी बरणीही दिली. मी पिशवीत कुंचीच्या शेजारी दोन्ही बरण्या नीट बसवल्या आणि तेल कुंचीला लागू नये म्हणून वाटभर पिशवी सरळ धरून आलो.

फाल्गुनात ती गेली. आदल्या दिवशी तिने पुतणसुनेला जवळ बसवून सगळ्या कणग्या सांगितल्या. डावीकडून पहिलीत काय, दुसरीत काय, कुठलं भात दोन वर्षांचं झालंय आणि आता बियाण्याला चालणार नाही. पुतण्याने नंतर उघडून बघितल्या. एकही चुकली नव्हती. तो मला म्हणाला, “काका, शेवटी शेवटी एकदम ध्यान आलं बघा तिला.” मी त्याला म्हटलं नाही, की ते कधी गेलंच नव्हतं.

आता लिहिलं आहे, ते सगळ्यांनी वाचावं. आधी हिने, मग पुतण्याने आणि पुतणसुनेने, आणि व्याहीणबाईंनीही, कारण ते टाके त्यांनी वाखाणले होते. पण ज्या माणसासाठी मी ते वाक्य पाठ केलं होतं त्याला ते ऐकवायचं राहिलं. एसटीत म्हणत होतो ते एवढंच होतं:

“वैनी, तू इसरली न्हवतीस. तुकडा तू लावला व्हतास. म्या उसवली कुंची. माझं चुकलं.”